चढ-उतारावर रायफलीचा नेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि डोंगरावरच्या गावांतून, म्हणजे वरूड, मोर्शी, अचलपूर, चिखलदरा या बाजूने, आणि तिकडे गोंदिया-गडचिरोलीच्या डोंगरपट्ट्यातूनही हे प्रश्न सारखे येतात. विचारणारे बहुतेक परवानाधारक शेतकरी असतात. रानडुकरांनी हरभरा, तूर, भुईमूग लोळवलेला असतो आणि वनविभागाची परवानगी हातात असते. काही प्रश्न नेमबाजी शिकणाऱ्या पोरांचेही आहेत. ज्या शब्दांत आले, शक्यतो त्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. माझ्याकडे बंदुकीचा परवाना आहे. मग वावरात आलेलं डुक्कर मारता येतं ना?

नाही. शस्त्र कायदा, १९५९ खाली मिळालेला परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, पीकसंरक्षणासाठी असला तरी. वन्यप्राणी मारायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली लेखी परवानगी लागते. कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे आणि कलम ११ हा त्यातला अपवाद. उभ्या पिकाचं नुकसान करणारी रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी ही परवानगी मिळू शकते, त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा लागतो. आदेशात कोणता प्राणी, कुठे, कधीपर्यंत, हे लिहिलेलं असतं. त्यातली एकही अट सोडून गोळी झाडली तर तो गुन्हाच.

मेलेलं जनावर कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता असतं. मांस वाटून घेणं हाही गुन्हा आहे, मग परवानगी कितीही पक्की असो. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर शिक्षा तीन ते सात वर्षं. मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा असे पाच व्याघ्रप्रकल्प विदर्भात आहेत आणि कितीतरी गावांची शिवं त्यांच्या हद्दीला भिडलेली आहेत. म्हणून हद्द आधी वनरक्षकाकडून समजून घ्या.

खालची सगळी उत्तरं ही परवानगी असलेल्यांसाठी किंवा रेंजवर सराव करणाऱ्यांसाठी आहेत.

२. टेकडीवरून खाली मारताना गोळी वर लागते का खाली?

सपाट जमिनीवर जिथे लागली असती त्याच्या वर. आणि खालून वर मारतानाही वरच. खाली मारताना एक आणि वर मारताना उलट, असं पुष्कळ लोक धरून चालतात, ते चूक आहे. दोन्हीकडे परिणाम एकाच दिशेने होतो आणि कोन सारखा असेल तर जवळजवळ सारखाच होतो.

मात्र एवढ्यावरून "मग नेम खाली धरतो" असं ठरवू नका. आधी प्रश्न ६ आणि ८ वाचा.

३. पण असं होतं कशामुळे? वर चढणारी गोळी तर जास्त पडायला पाहिजे.

गुरुत्वाकर्षण नेहमी सरळ खाली ओढतं. गोळी आडवी जात असेल तर ती पूर्ण ओढ तिच्या वाटेला आडवी पडते आणि गोळीला वाटेवरून खाली आणते. गोळी तिरकी जात असेल तर त्या ओढीचे दोन हिस्से होतात. एक हिस्सा वाटेला आडवा असतो आणि गोळीला वाकवतो तोच. दुसरा वाटेच्या दिशेने असतो आणि गोळीचा वेग किंचित वाढवतो किंवा घटवतो. आपल्या अंतरांत हा दुसरा हिस्सा सोडून दिला तरी चालतो.

म्हणजे तिरक्या वाटेवर गोळी कमी वाकते. रायफल तर सपाट जमिनीवर झिरो केलेली असते, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी येतील अशी जुळवलेली असते. त्यात पूर्ण वाकण्याची भरपाई म्हणून नळी आधीच थोडी वर रोखलेली असते. वाकणं घटलं आणि भरपाई तेवढीच राहिली, की गोळी वर लागते.

४. नियम काय वापरायचा? सोप्या भाषेत सांगा.

तिरकं अंतर सोडा, आडवं अंतर धरा. डोंगराचा उतार काढून टाकला तर जनावर तुमच्यापासून जमिनीवर जेवढं लांब असेल, ते आडवं अंतर. तिरक्या अंतराला कोनाच्या कोज्येने गुणलं की ते मिळतं. गुणक असे: १० अंशाला ०.९८, २० ला ०.९४, ३० ला ०.८७, ४५ ला ०.७१.

उदाहरण घ्या. समोरच्या उतारावर २०० मीटर, कोन ३० अंश. २०० गुणिले ०.८७ म्हणजे साधारण १७३. आता सपाटावर १७३ मीटरला जसा नेम धरला असता तसा धरा, २०० चा नाही.

यात एक बारीक खोच आहे, ती प्रश्न १२ मध्ये.

५. कोन मोजायला काय वापरायचं? अंदाज चालेल का?

अंदाज चालत नाही. उतार डोळ्याला नेहमी जास्तच वाटतो. घराचा साधा जिना साधारण ३० अंशांचा असतो. तो आठवून टेकडीकडे पाहा, "लई खडी" वाटणारी टेकडी बहुधा २० च्या आत निघते.

मोबाइलमध्ये कोन दाखवणारी ॲप असतात. तेही नको असेल तर पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या. सरळ कडेच्या मधल्या भोकातून दोरा ओवा आणि खाली एक जड नट बांधा. आता सरळ कड वर आणि गोलाई खाली धरून त्या कडेवरून लक्ष्याकडे पाहा. दोरा लटकून थांबला की जोडीदाराला आकडा वाचायला सांगा. तो ९० पासून जितका सरकला तितका तुमचा कोन. ११० वर असेल तर २० अंश, ७० वर असेल तरी २० अंशच. हे काम दिवसा करून ठेवा. मचाणावरून धुऱ्यापर्यंत, नाल्यापर्यंत, बोरीच्या झाडापर्यंत अंतर आणि कोन लिहून तो कागद मचाणाच्या खांबाला बांधून ठेवला, की वेळेवर धांदल होत नाही.

६. आमच्या वावरात शंभर मीटरच्या पलीकडे कोणी मारतच नाही. मग हा हिशेब आम्हाला किती लागू?

जवळजवळ शून्य. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

आकड्यांत पाहू. .३१५ बोअरच्या रायफलीसारखी जड, मध्यम वेगाची गोळी धरा. नळीतून निघताना वेग सेकंदाला ६२० मीटरच्या आसपास, दुर्बीण नळीच्या ४ सेंटिमीटर वर, झिरो १०० मीटरला. १०० मीटर जाईपर्यंत ही गोळी नळीच्या रेषेपासून साधारण १४-१५ सेंटिमीटर पडते. उतार ३० अंशांचा असेल तर त्यातले दोन सेंटिमीटर वाचतात, म्हणजे गोळी दोन सेंटिमीटर वर लागते. २० अंशांना एक सेंटिमीटरही नाही. ६० मीटरवर, ३० अंशांना, अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचा फरक. एवढी तर आपल्या हाताची थरथर असते.

मचाणाचंही तसंच. चार मीटर उंच मचाणावरून ३० मीटरवरचं डुक्कर फक्त ७-८ अंश खाली असतं.

फरक दिसायला लागतो तो लांब अंतराला. २०० मीटरवर हीच गोळी सुमारे ६७ सेंटिमीटर पडते. तिथे ३० अंशांना फरक नऊ सेंटिमीटर, ४५ ला वीस. .३०-०६ सारखी वेगवान गोळी असेल तर याच्या निम्म्याहून कमी. पण २०० मीटरवरून, ४५ अंशांत, उघड्या खाचेच्या नेमाने (दुर्बिणीशिवाय, खाच आणि दाणा जुळवून) रानडुकरावर गोळी झाडणं आपल्या मुलखात कोणालाच शोभत नाही. तिथे गुणाकार करत बसू नये, जनावर जवळ येईपर्यंत थांबावं.

"उतारावर खाली धर" हा ऐकीव नियम मात्र गावोगाव पोचला आहे. तो ऐकून लोक ४० मीटरवर वीतभर खाली धरतात. वीतभर खाली म्हणजे पोट किंवा पाय. जनावर तीन पायांवर तुरीत घुसतं आणि पुढचे दोन दिवस तडफडतं, वर त्या तुरीत सकाळी बायामाणसं निंदायला जायची असतात.

७. मग माझी गोळी डुकराच्या पाठीवरून का गेली? अंतर तर सत्तर मीटरच होतं.

उतारावर चुकलेल्या गोळ्या बहुधा पाठीवरूनच जातात हे खरं, पण त्याचा दोष कोनाला द्यायचा कारण नाही. नेहमीची कारणं तीन.

पहिलं, अंतराचा अंदाज. वरून पाहिलं की मधला नाला, खोलगट भाग डोळ्यात भरतो आणि जनावर लहान व लांब वाटतं. सत्तरचे दीडशे वाटले की माणूस आपोआप वर धरतो. दुसरं, गाल. खाली वाकून रोखताना गाल दस्त्यावरून उचलला जातो. उघड्या नेमात डोळा वर गेला की टोकावरचा दाणा खाचेत उंच दिसतो आणि गोळी वर जाते. तिसरं, टेकू. नळी थेट गोट्यावर किंवा मचाणाच्या बांबूवर टेकवून गोळी झाडली तर नळी उसळते. टेकू नेहमी लाकडी भागाखाली द्या, आणि मध्ये गोणपाट किंवा घडी घातलेलं घोंगडं ठेवा.

८. मचाणावरून नेमका कुठं धराचा? वर का खाली?

इथे कोनाला खरंच किंमत आहे, पण ती जनावराच्या शरीरामुळे.

रानडुकराचं हृदय छातीत बरंच खाली असतं, पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. सपाटावरून आडव्या उभ्या डुकरावर तिथेच नेम धरतात. वरून मात्र गोळी तिरकी शिरते आणि आत जाता जाता खाली उतरते. छातीची रुंदी ३० सेंटिमीटर धरली तर मधोमध पोचायला तिला १५ सेंटिमीटर आत जावं लागतं. २० अंशांच्या कोनात तेवढ्यात ती पाच-साडेपाच सेंटिमीटर खाली येते. म्हणजे मधोमध हृदयाला लागायची असेल तर शिरण्याची जागा तेवढी वर हवी.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. वीस-पंचवीस मीटरवर, २० अंशांत, गोळीच्या वाटेचा हिशेब "खाली" म्हणतो, पण तो अर्धा सेंटिमीटरही नाही. शरीराचा हिशेब "पाच सेंटिमीटर वर" म्हणतो. ऐकीव नियम पाळणारा नेमका उलट्या बाजूला जातो.

सोपी सवय अशी लावा: गोळी शिरते कुठे यापेक्षा बाहेर कुठे निघेल ते पाहा. पलीकडच्या पुढच्या पायाच्या वरच्या सांध्याजवळून ती निघेल अशी रेघ मनात ओढा आणि त्या रेघेवर अलीकडच्या बाजूला नेम धरा.

जनावर अगदी मचाणाखाली आलं तर मारू नका. वरून सरळ खाली फक्त कणा आणि एक फुप्फुस मिळतं, आणि एका फुप्फुसावर डुक्कर फार लांब जातं. पंधरा-वीस मीटर पुढे जाऊन आडवं होऊ द्या.

९. आणि खालून वर? डुक्कर टेकडीच्या माथ्यावर उभं आहे, साफ दिसतं.

साफ दिसतं कारण मागे आभाळ आहे. म्हणूनच ती गोळी झाडायची नाही, कोणत्याही कारणाने नाही.

.२२ ची बारकी गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, .३०-०६ ची चार किलोमीटरच्या पुढे. जनावरातून आरपार गेलेल्या गोळीतही जीव घेण्याइतका जोर उरलेला असतो. टेकडीपलीकडे काय आहे, कोणाची बंडी वाटेवर आहे, कोणता तांडा उतरला आहे, हे खालून दिसत नाही. मागे टेकडीचं अंग, म्हणजे माती, दिसत असेल तरच चढावर नेम धरा. तसं असेल तर प्रश्न ८ चा हिशेब उलटा होतो: गोळी शिरताना खाली, निघताना वर.

१०. वरून खाली मारलं तर गोळी जमिनीतच जाते. मग धोका नाही ना?

चढापेक्षा धोका कमी आहे, पण आहे. नांगरलेली काळी माती गोळी गिळते. सातपुड्याचा उघडा काळा कातळ गिळत नाही, उथळ कोनात गोळी त्यावरून उसळून पुढे जाते. तळ्या-बोडीच्या पाण्यावरूनही तसंच होतं.

आणि खाली माणसं असतात. मार्च-एप्रिलात मोहफूल वेचायला लोक उजाडायच्या आधीच झाडाखाली पोचतात. मोहाखाली रानडुकरंही येतात, त्याच वेळी, त्याच झाडांखाली. अंधुक उजेडात काळी घोंगडी पांघरून वाकलेलं माणूस वरून पाहिलं तर फक्त एक काळा, ठेंगणा, हलणारा आकार दिसतो. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. या महिन्यांत पहाटेची गोळी नकोच. एरवीही डोकं, पाय, शेपूट वेगवेगळं ओळखू आल्याशिवाय बोट घोड्यावर जाऊ देऊ नका. गुराखी आणि शेजारचे जागल करणारे कुठे बसले आहेत ते संध्याकाळीच विचारून ठेवा.

११. उतारावर बसायचं कसं? पालथं पडून जमत नाही.

खाली मारताना पालथं पडलं की मान मोडेस्तोवर उचलावी लागते. त्यापेक्षा बसा. पाठ झाडाला किंवा धुऱ्याला, टाचा मातीत रोवलेल्या, कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला. वर मारताना पालथं जमतं, पण दुर्बीण असेल तर जपा. चढावर डोळा दुर्बिणीच्या जवळ सरकतो आणि धक्क्याने कडा भुवईत घुसते.

दुसरी गोष्ट, रायफल तिरपी होण्याची. जमीन कलती असली की डोळा त्या उतारालाच आडवी रेघ मानतो आणि रायफल नकळत एका बाजूला कलते. कलली की गोळी त्याच बाजूला आणि थोडी खाली जाते. प्रश्न ६ मधल्या रायफलीत १० अंशांच्या कलण्याने २०० मीटरवर पाच-सहा सेंटिमीटर बाजूला. म्हणजे लांबच्या, पण सौम्य उतारावरच्या नेमात उताराच्या कोनापेक्षा हे कलणंच जास्त नडतं. दुर्बिणीवर बसणारी छोटी पाणसळ मिळते, ती लावा. नाहीतर समोरचं सरळ वाढलेलं झाड पाहून उभी रेघ जुळवा.

१२. आडव्या अंतराचा नियम लावला, तरी लांबवर गोळी थोडी खाली का लागते?

कारण भरपाई सेंटिमीटरमध्ये धरली. प्रश्न ४ चं उदाहरण घ्या. १७३ मीटरला आपली गोळी सुमारे २० सेंटिमीटर खाली लागते, म्हणून तुम्ही २० सेंटिमीटर वर धरलं. पण लक्ष्य १७३ वर नाही, २०० वर आहे, आणि भरपाई मुळात कोनाची असते. १७३ वर २० सेंटिमीटर दिसणारा कोन २०० वर २३-२४ सेंटिमीटर होतो. दुर्बिणीच्या क्लिकने, म्हणजे तिची चकती एकेक खटका फिरवून, भरपाई करणाऱ्याला हा प्रश्न येत नाही, कारण क्लिक हा कोनच असतो. डोळ्याने वर धरणाऱ्याने तेवढं वाढवून घ्यावं. शंभर मीटरच्या आत याचा विचारही नको.

१३. लेझर रेंजफाइंडरचा आकडा धरायचा का त्यावर परत गुणाकार करायचा?

यंत्र कोणता आकडा दाखवतं ते आधी पाहा. साधं यंत्र तिरकं अंतर दाखवतं, कोन मोजणारं यंत्र हिशेब करून सुधारलेलं अंतर देतं, आणि काहींत दोन्ही दिसतात. सुधारलेल्या आकड्याला पुन्हा ०.८७ ने गुणलं की भरपाई दोनदा होते आणि गोळी खाली जाते. खात्री करायची तर उंच पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर जवळून रोखा आणि मग बुडाशी रोखा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर यंत्र आडवं अंतर देतंय.

१४. बारा बोअरला हे लागू आहे का?

नाही. तीस-चाळीस मीटरच्या आतलं, छर्रे उडवणारं हत्यार आहे ते. प्रश्न ८, ९ आणि १० मात्र तंतोतंत लागू.

१५. चिखलदऱ्यासारख्या उंचीवर किंवा मे महिन्याच्या उन्हात वेगळं धरावं लागतं का?

विरळ आणि तापलेल्या हवेत गोळीला विरोध कमी होतो, त्यामुळे ती किंचित कमी पडते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. शंभर-दीडशे मीटरच्या नेमाला हा फरक हिशेबात घ्यायचं कारण नाही. वारा मात्र ओळखा: दिवसा तो खोऱ्यातून वर चढतो, रात्री थंड हवा उतारावरून खाली येते. वर बसलात तर रात्री तुमचा वास सरळ खालच्या डुकरांकडे जातो.

१६. वनविभागाच्या बेशुद्धीच्या डार्ट गनलाही हाच नियम?

नियम तोच, फरक मात्र कितीतरी मोठा. डार्टचा वेग गोळीच्या मानाने फारच कमी असतो, त्यामुळे थोड्या अंतरातही तो बराच पडतो आणि झाडावरून किंवा विहिरीच्या काठावरून मारताना कोन लगेच जाणवतो. हे काम प्रशिक्षित पथकाचं आणि पशुवैद्यकाचं आहे. विहिरीत बिबट्या दिसला तर गर्दी मागे घ्या आणि वनविभागाला फोन करा.

१७. सराव कुठं करायचा? रेंजवर तर सगळं सपाट असतं.

कोनाचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर .१७७ ची साधी छर्र्याची एअर रायफल उत्तम. छर्रा सावकाश जातो, म्हणून ४० मीटरवरच तो २५-३० सेंटिमीटर पडतो आणि ३० अंशांच्या उतारावर तीन-चार सेंटिमीटरचा फरक कागदावर उमटतो. आधी सपाटावर ४० मीटरला पाच छर्रे, मग त्याच अंतरावर उतारावरून पाच, मग खालून वर पाच. मागे मातीचा उंच बांध हवाच. मोठ्या रायफलीचा झिरो मात्र परवानाप्राप्त रेंजवरच तपासा. बसणं, गाल, टेकू, पाणसळ हे सगळं रिकाम्या रायफलीने रोज करता येतं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, नळी दोनदा तपासून.

१८. डुक्कर जखमी होऊन उतारावरून खाली नाल्यात गेलं. मागे जाऊ का?

अंधारात नाही. जखमी रानडुक्कर, त्यातही सुळेवाला नर, झुडपात दबा धरतो आणि उतारावर खालून येणाऱ्यापेक्षा वरून उतरणाऱ्याचा तोल आधी जातो. "जखमी जनावर खालीच जातं" यावरही विसंबू नका, पुष्कळदा ते आडवं कापत जातं. गोळी लागली तिथे उभं राहून जागा लक्षात ठेवा, फांदीला फडकं बांधा, कुत्री सोडू नका. वनरक्षकाला तेव्हाच फोन करा. परवानगीच्या अटींप्रमाणेही ते करावं लागतं, आणि उजाडल्यावर शोधायला त्यांची माणसं सोबत असतात. शेजारच्या वावरातल्यांना रात्रीच निरोप द्या, म्हणजे सकाळी त्या नाल्याकडे कोणी पाण्याला जाणार नाही.